पाण्यातली बिऱ्हाडे

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फटाक्यांऐवजी मासे आले. खाण्याच्या माशांना आमच्याकडे नावे ठेवतात ती ताजेपणावरून. या माशांना धाकटीने खरोखरीची नावे ठेवली. पेटी होती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. काठोकाठ भरली तर जेमतेम ५५ लिटर पाणी मावेल अशी.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात मी मासे निवडले ते, खरे सांगायचे तर, विशेषणे निवडावीत तसे. निळीतांबडी रेघ चमकते म्हणून सहा निऑन टेट्रा. ऐटदार म्हणून दोन एंजल, तेही रुपयाएवढे चिमुकले. पट्टेदार म्हणून तीन टायगर बार्ब. शेपटीचा पंखा देखणा म्हणून दोन गप्पी. आणि पेटी म्हटली की तो हवाच म्हणून एक गोल्डफिश. “साहेब, सगळे एकत्र राहतात,” दुकानदार म्हणाला. राहतात हे खरेच होते. किती दिवस, ते मी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी गप्पींच्या पंख्यांच्या चिंध्या झाल्या. पाचव्या दिवशी त्यातला एक पाण्यावर तरंगला. सौ. म्हणाल्या, “त्या पट्टेरी गुंडांना आधी बाहेर काढा.” मलाही ते गुंडच वाटले. पुढे पुस्तके उघडली तेव्हा कळले, की टायगर बार्ब हा घोळक्याने राहणारा जीव. आठदहा असले की त्यांची भांडणे बहुधा आपसातच मिटतात. दोनतीनच असले, की ते शेजाऱ्यांच्या लांब, संथ परांना तोडतात. मी तीन आणले होते. तरंगलेल्या गप्पीच्या बाबतीत तर मीच अधिक दोषी. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मी एका संध्याकाळी चौदा बिऱ्हाडे आणून घातली होती. मोरी बांधून व्हायच्या आत चाळ भरावी तशी!

पण खरी गोष्ट निऑनची. धाकटी रोज शाळेत जाण्यापूर्वी हजेरी घेई. मार्गशीर्षापर्यंत सहा होते. मग पाच झाले. संक्रांतीला चार. पेटीत कुठे प्रेत नाही, काही नाही.

“बाबा, चिंगी कुठे गेली?”

“लपली असेल,” मी म्हणालो.

रात्री उठून पाहतो तो पोरगी टॉर्च घेऊन वनस्पतींच्या मुळांशी चिंगीला शोधते आहे. मला उत्तर तोवर ठाऊक झाले होते. एंजल आता रुपयाएवढे राहिले नव्हते. हा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निऑनची पुरी वाढ साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, एकगाववाले. पण गाव एक असले म्हणून ताट एक होत नाही. तोंडात मावेल तो शेजारी नव्हे, घास, हा माशांचा पहिला कायदा. स्वभावाची चौकशी त्याच्या नंतर.

त्या खालोखाल पाणी. गोल्डफिश हा मूळचा चिनी कार्प कुळातला. त्याला थंड पाणी मानवते, तो भलता वाढतो आणि घाणही फार करतो. निऑनला मऊ पाणी हवे, गप्पीला जड. यांपैकी कुणाचीही तक्रार आपल्या कानी येत नाही, एवढीच आपली सोय. आणि तिसरी बाब मजल्यांची: कोण वर वावरतो, कोण मध्ये, कोण तळाशी. मजले वेगळे असले की जिन्यातली भांडणे कमी.

एंजल आणि गोल्डफिश मोठ्या टाक्या असलेल्या एका स्नेह्यांकडे गेले. बार्बही तिथल्या घोळक्यात सामील झाले. उरलेले निऑन आणि गप्पी आमच्याकडेच हळूहळू संपले. त्यानंतर महिनाभर आमची पेटी अगदीच ओस होती.

या खेपेस धाकटीने आणि मी आधी कागदावर यादी केली. वरच्या मजल्यावर चपळ असे आठ झेब्रा डॅनिओ. मधे हनी गुरामीचे एक जोडपे. तळाशी, बारीक गुळगुळीत वाळूत मिशा खुपसून फिरणारे सहा कॉरिडोरस. २४ ते २६ अंशांच्या पाण्यात तिघेही सुखी. पहिले दोघे तर आपल्या देशातलेच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्यांची नोंद केलेली आहे. इतकी वर्षे घरचे मासे सोडून मी ॲमेझॉनची वाट का पाहत होतो, कोण जाणे. आणताना मात्र घाई केली नाही. दोन महिने लागले.

हजेरी अजून चालू आहे. परवा सकाळी धाकटी म्हणाली, “आठ, दोन, पाच.” आणि माझ्याकडे बघून, “लपला असेल.”

कॉलेजला उशीर होत होता. तरी मी टॉर्च आणला. सहावा लाकडाच्या ओंडक्याखाली, शांतपणे मिशा हलवीत बसला होता.