आडोबो : वाटणाशिवायची कोंबडी



घरात कोंबडी आली की आपल्या सोलापूरकडे आधी कांदा-खोबरं भाजायला पडतं, मग काळ्या तिखटाची बरणी निघते, मग वाटण. आज जी कोंबडी सांगणार आहे तिच्यात कांदा नाही, खोबरं नाही आणि तिखट तर चिमूटभरही नाही. नाकं मुरडू नका हं! पुरतं वाचा आणि मग ठरवा.

निमित्त आहे विजापूर वेशीकडे राहणाऱ्या एका भगिनीच्या पत्राचं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बरीच मुलं-मुली डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला गेली. यांची लेकही तिथेच शिकते. सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, “आई, आडोबो कर ना!” कृती तिनं तोंडी सांगितली. आईनं व्हिनेगरऐवजी चिंच घातली, रंग यावा म्हणून काळं तिखट घातलं आणि वर कांदाही परतून घातला. लेक जेवली आणि म्हणाली, “छान झालंय, पण हा आडोबो नाही.” बाई लिहितात, “माझ्या हातचं आता तिला गोड लागत नाही की काय?”

ताई, तसं मुळीच नाही. फिलिपिन्समध्ये दर घरचा आडोबो निराळा असतो. जसं आपल्याकडे दोन घरांचं काळं तिखट कधी एकसारखं होत नाही, तसंच. कुणी सोया सॉस घालतं, कुणी नुसतं मीठ. कुणी नारळाचं दूध घालतं, तर कुणी आपल्यासारखी हळद. पण व्हिनेगर मात्र सगळीकडे असतं. तेच काढून टाकलं, तर आडोबो उरेल कुठून? तुमच्या हाताची चव कमी पडली नाही, फक्त जिन्नस बदलला.

हा पदार्थ त्या बेटांवरचा जुना. उष्ण, दमट हवा, त्यात मांस टिकायला हवं, म्हणून तिथले लोक ते व्हिनेगर आणि मिठात शिजवत. १५२१ साली मॅगेलनची जहाजं तिथे पोचली, पुढे १५६५ पासून स्पॅनिश लोकांनी तिथे बस्तान बसवलं. मुरवून ठेवण्याला त्यांच्या भाषेत ‘आडोबार’ म्हणतात. त्यावरून त्यांनी या रांधण्याला आपलंच नाव दिलं. १६१३ साली छापलेल्या तागालोग भाषेच्या कोशात त्याची नोंदही आहे. सोया सॉस आला तो चिनी व्यापाऱ्यांबरोबर. सोया सॉस न घातलेला जुन्या पद्धतीचा आडोबो आजही करतात, त्याला ‘पांढरा आडोबो’ म्हणतात.

आणि हे सगळं आपल्याला फार परकं आहे असंही नाही. गोव्याचं विंदालू आठवा. पोर्तुगीज भाषेत ‘विन्यो’ म्हणजे वाईन आणि ‘आल्यो’ म्हणजे लसूण. त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काही संबंध नाही बरं का! पोर्तुगीजांनी वाईन आणि लसणात मांस मुरवण्याची रीत आणली. गोव्याच्या बायकांनी त्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आणि मिरच्या घातल्या. म्हणजे आडोबो आणि विंदालू ही लांबची भावंडंच म्हणायची. एकानं मिरची जवळ केली, दुसरा मिऱ्यांवरच राहिला, एवढंच.

साहित्य (पाच माणसांसाठी)

हाडांसकट कोंबडीचे मोठे तुकडे १ किलो (तंगडीचे असतील तर उत्तम), व्हिनेगर पाऊण वाटी, सोया सॉस ४ मोठे चमचे, लसणाचा १ मोठा गड्डा, अख्खे मिरे १ चमचा, तमालपत्र १ मोठं पान, साखर किंवा गूळ १ चमचा, तेल २ मोठे चमचे, पाणी १ वाटी.

कृती

लसूण सोलून नुसता ठेचावा, वाटू नये. तेल सोडून सगळं कोंबडीला लावून तासभर झाकून ठेवावं. उन्हाळा असेल तर फ्रिजमध्येच. मग रसासकट पातेल्यात घालून मोठ्या आचेवर ठेवावं. उकळी आली की झाकण न ठेवता ८-१० मिनिटं तशीच राहू द्यावी आणि या वेळात डाव घालू नये. तिथल्या जुन्या सुगरणींचा हा नेम आहे. व्हिनेगरचा झोंबरा वास आधी वाफेवर जाऊ द्यायचा, मगच ढवळायचं. वास निवला की झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावं.

आता तुकडे बाहेर काढावेत. दुसऱ्या तव्यात तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस करावेत. उरलेला रस पातेल्यात आटवावा. चमच्याला चिकटू लागला की तुकडे त्यात परत सोडावेत. झाला आडोबो. मीठ शेवटी चाखून, लागलं तरच घालावं.

सांभाळायच्या गोष्टी

भांडं : स्टीलचं किंवा मातीचं घ्या. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवणं धोक्याचं. साध्या ॲल्युमिनियमच्या आणि लोखंडी भांड्यालाही व्हिनेगर खातं आणि चव बिघडते.

व्हिनेगर : बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं शक्यतो टाळा. आंबवून केलेलं व्हिनेगर सौम्य असतं. फिलिपिन्सच्या उत्तरेकडे उसाचं व्हिनेगर वापरतात. आपला जिल्हा तर उसाचाच! मिळालं तर तेच घ्या. चिंचेनं काम भागत नाही. चिंचेचा आंबटपणा रसात राहतो आणि रस दाट होतो. व्हिनेगरचा तिखटपणा वाफेबरोबर बराचसा उडतो.

तमालपत्र : ते लोक जे पान घालतात ते वेगळ्या झाडाचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, म्हणून एकच पान पुरे.

कुकर : कुकरमध्ये वाफ कोंडते आणि व्हिनेगरचा वास आतच राहतो, म्हणून नको. गावरान कोंबडी असेल तर नुसत्या पाण्यात कुकरला दोन-तीन शिट्ट्या करून घ्या, मग तिच्याच एक वाटी पाण्यात पुढची कृती करा.

मीठ : हे जरा नीट वाचा. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. वरच्या प्रमाणात माणशी जवळजवळ २ ग्रॅम मीठ एकट्या सोया सॉसमधून जातं. सासूबाई-मामंजींना रक्तदाब असेल तर त्यांच्यापुरता पांढरा आडोबो करा : सोया सॉस नाही, मीठ अगदी बेताचं आणि लसूण दुप्पट. जेवणात पापड-लोणचं त्या दिवशी नको.

टिकवण : व्हिनेगर आहे म्हणून रात्रभर ओट्यावर राहील, हा भ्रम ठेवू नका. व्हिनेगर नासणं लांबवतं, थांबवत नाही आणि आपल्या वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे असतो. एरवी दोन तासांत आणि उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा. खाताना वाफ येईपर्यंत चांगलं गरम करा. दुसऱ्या दिवशी तो अधिकच मुरतो. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी केलेला बरा. पाहुण्यांत बसून चार गप्पा तरी मारता येतील. एरवी आपला सगळा वेळ ओट्यापाशीच जातो!

ते लोक आडोबो भाताबरोबर खातात. आपण ज्वारीची भाकरी कुस्करून खाल्ली तरी बिघडत नाही, फक्त रस थोडा पातळ ठेवा. आंबटाचं तर आपल्याला वावडं नाहीच. कानडी शेजारीण जिला पुंडी म्हणते ती अंबाडी आपण आवडीनं खातोच की. घरात कुणी मांसाहार करत नसेल तर याच रसात वांग्याच्या तळलेल्या फोडी घाला. फिलिपिन्समध्ये वांग्याचा आडोबोही करतात. मात्र वांगी शेवटी घालावीत आणि पाच मिनिटांत उतरवावीत, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

आणि ताई, तुम्हाला एक सुचवू? पुढच्या सुट्टीत ओटा लेकीच्या ताब्यात द्या. तुम्ही नुसत्या शेजारी पाटावर बसा आणि लसूण सोलून द्या. परदेशात एकटी राहून ती काय खाते, कसं रांधते, हे तुम्हाला समोर दिसेल. परत जाताना तिच्या बॅगेत काळ्या तिखटाची पुडी द्यायला मात्र विसरू नका. तिथल्या कोंबडीलाही कळू दे आपली चव!

बाकीच्या मैत्रिणींनी करून पाहावं आणि कुणाच्या घरी काय म्हणाले, ते जरूर कळवावं.