नोंद आपली, दप्तर परक्याचे

महाराष्ट्राच्या महसूल खात्यावर दिरंगाईचे आणि चिरीमिरीचे जे आरोप होतात ते पुष्कळदा रास्त असले, तरी त्याच्या जुन्या रिवाजात एक गोष्ट अशी आहे की जिचा संगणकयुगाने हेवा करावा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे गावच्या दप्तरी फेरफाराची नोंद झाली, की तलाठ्याने तिची नक्कल चावडीवर लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे आणि कोणी हरकत घेतल्यास तिचा निवाडा झाल्यावाचून नोंद प्रमाणित होऊ नये, असा दंडक आहे. आपल्या औषधखरेदीचे, कर्जफेडीचे आणि येण्याजाण्याचे जे दप्तर आज असंख्य कंपन्या बाळगून आहेत, त्यातले फेरफार मात्र आपल्या अपरोक्ष होतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क एकमुखाने मूलभूत ठरविला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमान्वये आपली कोणती माहिती वापरात आहे, तिचे काय चालले आहे आणि ती कोणाकोणाच्या हवाली केली, हे नावनिशीवार विचारता येईल. ‘येईल’ अशासाठी, की नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध करताना सरकारने या तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली.

कलम बारकाईने वाचले म्हणजे मन खट्टू होते. हा हक्क चालतो तो ज्याला आपण संमती दिली त्याच्यापुरता. अनुदान, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकार जी माहिती संमतीवाचून वापरते, तिचा हिशेब या कलमाखाली मागता येत नाही. तपासयंत्रणेला दिलेल्या माहितीचा तपशील वगळला, हे मी समजू शकतो, कारण संशयिताला आगाऊ वर्दी देऊन तपास होत नसतो. परंतु शिधापत्रिकाधारकाने आपली माहिती कोणत्या खात्याकडून कोणत्या खात्याकडे गेली हे विचारू नये, याचे समर्थन मला सापडत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज त्याला खुला आहे खरा. पण न मागता त्याला कोणी काही कळवीत नाही.

आणि भर दुपारी कर्ज देऊ करणारा जो अनोळखी आवाज आपल्याला नावाने हाक मारतो, त्याला आपण संमती दिलेलीच नसते. तेव्हा हा क्रमांक तुम्हांला कोणी दिला, असा जाब त्याला या कलमाच्या आधारे विचारण्याची सोय नाही. बेकायदा वापराची तक्रार या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाकडे नेता येईल, आणि अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूदही कायद्यात आहे; मात्र तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली, तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.