जुनी डिझेल गाडी : विकावी की राखावी ?

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. तेथे जनावर घेणारा केवळ वय विचारून थांबत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून व पळवून पाहतो. तोच शेतकरी आपल्या दारातील पंधरा वर्षांच्या पिकअप गाडीविषयी मात्र 'आता म्हातारी झाली' एवढेच म्हणून निर्णय घेतो आणि नव्या गाडीच्या हप्त्यांचे ओझे शिरावर घेतो. दुसरा एक वर्ग असा की जो गाडी पूर्ण बंद पडेपर्यंत तिच्याकडे पाहतच नाही. आमच्या मते हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

शहादा तालुक्यात पपई व केळी ही मोठ्या रकमेची पिके होत. तोडलेली पपई कोणासाठी थांबत नाही. माल भरलेली गाडी शेतरस्त्यावर उभी राहिली म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाहून मालाची घट अधिक होते. म्हणून गाडीची निगा ही पीकसंरक्षणाइतकीच शेतीची बाब समजली पाहिजे.

डिझेल यंत्र आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही. किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये खडकी येथे निघाला व त्यानंतर विहिरीविहिरीवर ही इंजिने दिसू लागली. गाडीतील यंत्राचे तत्त्व तेच. त्यात ठिणगी नसते. हवा दाबल्याने अतिशय तापते व त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा पडताच ते पेटते. हा फवारा करणारे पंप व नोझल यांचे भाग इतके घट्ट बसविलेले असतात की त्यांमधील फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. तेथे पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण पोहोचला की गंज व झीज सुरू होते, आणि सर्वांत महाग दुरुस्ती तीच असते.

यास्तव डिझेल फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी तेथील स्क्रू सैल करून नियमाने काढावे. पावसाळ्यात याची विशेष दक्षता घ्यावी. पिंपात साठविलेल्या डिझेलचा तळ टाकीत ओतू नये. हंगाम संपल्यावर गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होत नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिल्यास यंत्र हवा धरते. अशा वेळी बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारीत बसण्यापेक्षा हातपंप दाबून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. ती लिंबासह गाडीपुढे टांगण्यास कोणी विसरत नाही. एअर फिल्टरचे झाकण उघडण्याचे मात्र अनेकांना वर्षभर सुचत नाही ! चाकोरीची धूळ फिल्टरमध्ये दाटली की यंत्रास हवा कमी पडते, काळा धूर येतो व डिझेल व्यर्थ जाते. निळा धूर दिसल्यास ऑईल जळते आहे असे समजावे. यंत्र तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला व रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर गाडी पुढे न दामटता मिस्त्रीकडे न्यावी. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये; आत थर बसून यंत्र तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये.

खते वाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरियासारख्या खताचा सांडलेला चुरा दमटपणा ओढून घेतो व पत्रा खातो. फेरी संपताच हौदा झाडून धुवावा व खालची चासी तपासावी. यंत्र पुन्हा बांधता येते, परंतु गंजून कुजलेल्या चासीवर खर्च करणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. अशी गाडी नोंदणीकृत मोडीत केंद्राकडे द्यावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तपासणी कटकट न मानता वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी मानावी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर मुळीच नको. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. जुने तेल घाटात तापून उकळले की पेडल खाली जाते व गाडी थांबत नाही. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी चांदशैली घाटात भाविकांनी भरलेली पिकअप दरीत कोसळून जीवितहानी झाली. मालाच्या हौद्यात माणसे बसविणे बेकायदेशीर आहे. मजुरांना नेण्याची ही रूढी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांशी स्पष्ट बोलून मोडून काढली पाहिजे.

शेवटी वहीविषयी. गुरांच्या लसीकरणाची तारीख जशी आपण लिहितो, तशीच ऑईल, फिल्टर व ग्रीसची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावे. दोन वर्षांचा खर्च एका पानावर आला की गाडी राखावी की विकावी, हे शेजाऱ्यास विचारावे लागत नाही. कार्यकर्त्यांनी पपईच्या तोडणीपूर्वी गावातील मिस्त्रीस बोलावून एक सकाळ जुन्या गाड्यांच्या तपासणीस द्यावी आणि तेथेच प्रत्येकाच्या वहीचे पहिले पान लिहवून घ्यावे.