भाड्याचे घर आणि कागदांची फाइल

मुंबई, ठाणे वा पुण्यासारख्या शहरात घर भाड्याने घेणे हा आता निव्वळ पैशांचा व्यवहार राहिलेला नाही. घरमालक, दलाल आणि गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी अशा तिहेरी कसोटीला उतरल्याखेरीज भाडेकरूच्या हाती किल्ली पडत नाही. ओळखपत्र, पॅन कार्ड, नोकरीचे पत्र, वेतनाच्या पावत्या, बँक खात्याचा उतारा, छायाचित्रे आणि शक्य असल्यास आधीच्या घरमालकाचे पत्र अशी फाइल ज्याच्याकडे तयार, त्याचे पारडे जड. परंतु या फाइलकडे केवळ घरमालकाचे समाधान करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते, तेथेच भाडेकरूची फसगत सुरू होते.

घरमालकांच्या या सावधपणामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. पुढे त्यातील दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. एकदा दिलेली जागा परत मिळत नाही, ही धास्ती तेव्हापासून मध्यमवर्गीय घरमालकाच्या मनात घर करून बसली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे चित्र पालटले. ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर जागा सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत परत मिळविण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे आणि मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क भरावे लागते. कायद्यातली भीती सरली. मनातली मात्र तशीच राहिली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. त्यामागे अनेक कारणे असली, तरी ही धास्ती त्यांपैकी एक आहे.

याच कायद्याच्या कलम ५५ कडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असे हे कलम सांगते. ती जबाबदारी घरमालकावर टाकते. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातील एका वर्षाच्या मर्यादेतून आला. महाराष्ट्रात त्याला आधार उरलेला नाही. मुद्रांकावर सह्या करून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवरील दहा टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का एवढेच आहे. दरमहा २५ हजार रुपये भाडे, एक लाख अनामत आणि अकरा महिने मुदत धरली, तर ते सातशे रुपयांच्या आसपास जाते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. आता ऑनलाइन नोंदणीची सोय असल्याने कार्यालयात खेटे घालण्याचेही कारण नाही. तरीही अनामतीचा काही भाग रोखीने घेऊन तो करारात न दाखविण्याचा आग्रह धरला जातो. येथे भाडेकरूने ठाम राहिले पाहिजे. कलम २४ नुसार परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. जी रक्कम करारात नाही, ती घर सोडताना मागणार कशाच्या आधारे?

म्हणूनच फाइल दुहेरी असावी. भाडेकरूने आपले कागद द्यावेत, तसेच समोरच्याचेही पाहावेत. ‘इंडेक्स टू’चा उतारा, अलीकडचे वीजबिल आणि संस्थेच्या देखभाल शुल्काची पावती यांवरून घराचा खरा मालक कोण, हे कळते. मालकाच्या वतीने दुसरा कोणी सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र मागावे. अनामत बँकेमार्फतच द्यावी. पंखे, गिझर, भिंतींवरील ओल यांची छायाचित्रांसह यादी पहिल्याच दिवशी दोघांच्या सह्यांनिशी करावी. शेवटच्या दिवशीचे बहुतेक वाद तेथेच मिटतात. आधार कार्डाची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत वापरावी. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे टाळाटाळीचे काम नव्हे. त्यासंबंधीचा आदेश लागू असताना तो मोडणे हा दंडनीय अपराध ठरू शकतो.

मात्र चोख कागदांनाही मर्यादा आहेत. आडनाव, धर्म, आहार वा एकटेपण यांवरून नाकारल्या जाणाऱ्या अर्जदाराला कोणती वेतनपावती तारणार? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम अर्जदारांना उच्चवर्णीयांच्या तुलनेत अधिक नकार मिळाल्याचे दिसले होते. या नकाराला कागदावर कोठेही कारण नोंदविले जात नाही, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे; तो स्वीकारणे राज्यांवर सोपविलेले आहे. अनामतीवर अशी मर्यादा आणि नकाराचे कारण लेखी देण्याचे बंधन, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. भाडेकरूकडून शिस्तबद्ध अर्जाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने त्याला तितकेच शिस्तबद्ध उत्तर देणे, हा साधा न्याय आहे.