डोळ्यात सोडलेला रंग आणि दृष्टीची नस

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला धावडा, वालसावंगी या भागांत आजही घरोघरी ऐकू येतो. पूर्वीच्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत तो ठीक होता. आज तो चुकीचा आहे. शिवाय तो मानल्यामुळे डोळ्यात जास्तीचा एक रंग सोडावा लागतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

डोळ्यातल्या भिंगाभोवती पातळ, पारदर्शक पिशवी असते. तिला पुढून गोल छेद देऊन खराब भिंग काढतात व त्याच पिशवीत नवे बसवतात. मोतीबिंदू पूर्ण पिकून पांढरा झाला की ही पिशवी डॉक्टरांना नीट दिसत नाही. मग ‘ट्रायपॅन ब्लू’ नावाच्या निळ्या रंगाने ती रंगवतात. सुती कापडाच्या रंगांच्या कुळातला हा रंग. हॉलंडचे डॉ. मेलेस यांनी १९९९ साली ही पद्धत मांडली. रंग अगदी सौम्य असतो व काही क्षणांत धुऊन काढतात. त्यामुळे मोतीबिंदूच्या रुग्णाने घाबरण्याचे कारण नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. या पडद्याच्या मध्यबिंदूला भोक पडले तर त्यावरचा अतिशय पातळ पापुद्रा सोलून काढावा लागतो. तो दिसावा म्हणून २००० सालापासून ‘इंडोसायनिन ग्रीन’ हा हिरवा रंग वापरला जाऊ लागला. पडद्यावरचे सारे तंतू एका जागी गोळा होतात आणि त्यांचीच मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस बनते. पापुद्रा निघाला की हे तंतू उघडे पडतात व रंग त्यांना चिकटतो. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने नसेच्या तोंडाशी हा रंग टिकून राहिल्याचे डॉक्टरांना आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत तो तंतूंमधून पुढे सरकतानाही दिसला. काही रुग्णांचे भोक बुजले, पण बाजूचे दिसणे कमी झाले. सगळ्यांना असा त्रास होत नाही. रंग किती तीव्र होता व किती वेळ ठेवला, यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच पुढे रंगाची तीव्रता व वेळ कमी करण्यात आली. अनेक डॉक्टर ‘ब्रिलियंट ब्लू’ या रंगाकडे वळले. अमेरिकेने त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली.

आमचे म्हणणे इतकेच की, डोळ्यात जाणारा रंग हेही औषधच आहे, आणि औषधाची माहिती रुग्णाला मिळालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय व मोठे धोके समजल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे नातेवाइकाच्या हाती कागद येतो, ‘इथे सही करा’ म्हणतात आणि अंगठा उमटतो. मिथिलीन ब्लूसारखा भलताच रंग चुकून डोळ्यात गेल्याने बुबुळाची हानी झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे रंगाचे नाव विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

तेव्हा वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात. धूसर दिसू लागले की पिकण्याची वाट न पाहता डोळे तपासून घ्यावेत. मागच्या पडद्याची शस्त्रक्रिया ठरली तर कोणता रंग, कशासाठी, एवढे दोन प्रश्न विचारावेत. आणि घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर रंगाचे नाव लिहून मागावे. पुढे दिसण्यात फरक पडलाच, तर दुसऱ्या डॉक्टरला तेच उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अतिपिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, डोळ्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने हीच दृष्टीची नस मरते. मेलेली नस कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही. वेचणी, सुगी, लग्नसराई दरवर्षी येते. त्यांच्यासाठी डोळा थांबवू नये.