बंपर चमकवायचा, पण किती?

आमच्या दारात १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट उभी असते. नाव ओळखीचं वाटलं नाही तर त्यात तुमची चूक नाही. तिला प्रेसिडेंट असं फारसं कुणी म्हणालंच नाही, लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. कुर्ल्याच्या कारखान्यात हीच गाडी आधी फियाट ११०० डी या नावाने बनायची, १९७२ मध्ये तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ज्याने एकदा तरी प्रवास केलाय त्याला तिची मागची सीट माहीत आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तेव्हापासून लोक आमच्या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आधी विचारायचे, "अजून विकली नाही?" आता विचारतात, "विकणार नाही ना?"

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामू, हिचा सगळा क्रोम उतरवून नव्याने मारून घेऊ. बंपर, हेडलाइटच्या रिंगा, व्हीलकॅप, सगळं. रॅलीत न्यायची तर आरशासारखी दिसली पाहिजे." पोरगा मनापासून बोलत होता. गाडीची दशा होतीही तशीच. बाजूच्या पट्ट्या धुरकट झालेल्या, बंपरवर तांबूस ठिपके उठलेले. पनवेलची हवा दमट, त्यात चार महिने पाऊस. मी नाही म्हणालो. त्याला वाटलं मामू पैशाला घाबरतात. त्याचा तो समज मी लगेच खोडून काढला नाही, कारण खरं कारण सांगायला बराच वेळ लागणार होता. तेच आज इथे लिहितोय.

पण आधी धातूंबद्दल बोलू. जुन्या गाडीवर जे जे चमकतं त्याला आपण सरसकट क्रोम म्हणतो आणि सगळ्यावर एकच पॉलिश फासतो. निम्मं नुकसान तिथेच होतं. मी एक लहानसं लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरलो. बंपरला ते घट्ट चिकटलं, म्हणजे आत पोलाद आणि वर मुलामा. दाराच्या मुठीला चिकटलं नाही, पण मूठ हाताला जड लागते, म्हणजे जस्ताचं ओतकाम आणि त्यावर मुलामा. समोरच्या काचेभोवतीच्या पट्टीला चिकटलं नाही, ती कडक आणि पातळ, म्हणजे स्टेनलेस. (काही जातींचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, तेव्हा एकट्या चुंबकाच्या भरवशावर राहू नका.) बाजूच्या लांब पट्ट्या हलक्या आणि मऊ, ते ॲल्युमिनियम. एकाच गाडीवर चार प्रकारचं काम, आणि चौघांचं दुखणं वेगळं.

सगळ्यात जास्त फसवणूक ॲल्युमिनियमच्या पट्टीत होते. ती धुरकट दिसते म्हणून माणूस पॉलिश घेऊन बसतो, तासभर घासतो, हात भरून येतात आणि पट्टी जशीच्या तशी. बघण्यासारखी गोष्ट फडकं आहे. उघडं ॲल्युमिनियम घासलं की फडकं लगेच काळं पडतं. इथे ते काळं पडतच नाही. कारण आपण धातूला हातच लावलेला नसतो. कारखान्यात या पट्ट्यांवर ॲनोडायझिंग केलेलं असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा एक कडक, काचेसारखा पारदर्शक थर मुद्दाम चढवलेला असतो. धुरकट झालाय तो थर. खालचा धातू आत मजेत आहे. तो थर उतरवल्याशिवाय चमक येत नाही आणि तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने उतरतो. पण हे काम मोकळ्या हवेत, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, पट्टी गाडीवरून काढून करायचं. सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि तुम्ही फोन घ्यायला आत गेलात तर पट्टीही खातो. थर गेल्यावर पॉलिश हात लावताच काम करतं, चांदीसारखी चमक येते. आणि मग कळतं की तो थर कशासाठी होता. उघडी पट्टी काही महिन्यांतच पुन्हा मंद होते, मग मेण लावत बसा जन्मभर. मी एक पट्टी अशी केली आणि बाकीच्या तीन धुरकटच ठेवल्या. भाच्याला ते विजोड दिसतं. दिसो.

स्टेनलेस हा त्यातला सज्जन. त्यावर वरून काही चढवलेलं नसतं, आतून बाहेरून एकच धातू. पोचा आला असेल तर मागून हळूहळू ठोकून काढायचा, मग वॉटर पेपर ४०० पासून सुरू करून ६००, १०००, २००० पर्यंत चढत जायचं आणि शेवटी बफ. फक्त ती लांब पातळ पट्टी फिरत्या बफवर धरताना टोक आपल्याकडे करू नका. चाकाने टोक पकडलं की पट्टी तलवार होते.

आता क्रोम. चमक क्रोमची असते असं आपल्याला वाटतं. क्रोमचा शोभेचा थर मात्र साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो, माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. आपल्याला दिसते ती चमक त्याच्या खालच्या निकेलची आणि निकेलच्या खाली ज्याने पोलाद, तांबं घोटून घोटून जिल्हई दिली त्या हाताची. क्रोम फक्त वर पहारा देतो, निकेलला पिवळट पडू देत नाही आणि त्या चमकेला किंचित निळसर थंडावा देतो. म्हणून बंपर घासताना कुठे पिवळसर छटा दिसायला लागली की थांबायचं. पहारेकरी गेला, आता तुम्ही निकेल घासताय. तांबूस ठिपके म्हणजे क्रोमचा गंज नव्हे. क्रोमला आणि निकेलला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पोलादापर्यंत पोचतं आणि तिथला गंज वर येऊन पसरतो. तो पसरलेला गंज निघतो. छिद्र निघत नाही.

मी बंपर आधी साबणाच्या पाण्याने धुतला. मग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा करून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने ठिपक्यांवर फिरवला. क्रोम कडक, फॉइल मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र उतरतो. तारेची घासणी, राख, चिंच, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी. चिंच पितळेला चालते कारण पितळ आतपर्यंत पितळच असतं. शेवटी कोरडं पुसून मेणाचा हात दिला. तीन रविवार गेले. दहा पावलांवरून बंपर चमकतो. दोन पावलांवरून सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. ते तसेच राहणार.

भाच्याला हेच खटकतं. सगळं उतरवून नवा मुलामा दिला तर ते ठिपकेही राहणार नाहीत, हे त्याचं म्हणणं खरं आहे. मग का नको?

माझे चाचा कुर्ल्यात निकेल-क्रोमच्या एका लहान कारखान्यात कामाला होते. बावीस वर्षं. आम्ही लहान असताना ते घरी आले की श्वास घेताना त्यांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. आम्हा भावंडांना ती गंमत वाटायची. ते झोपले की आम्ही जवळ जाऊन ऐकायचो आणि मग आपापल्या नाकातून तसा आवाज काढायचा प्रयत्न करायचो. कुणाला जमायचा नाही. जमणार कसा? चाचांच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलेलं होतं.

हे एकट्या चाचांचं नशीब नव्हतं. क्रोमच्या हौदात क्रोमिक ॲसिड असतं. विजेचा प्रवाह सोडला की त्यातून बुडबुडे उठतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा ॲसिडचा बारीक तुषार हवेत सोडतो. तो नाकात जाऊन आतलं कातडं जाळतो, पुढे कूर्चा. हातावर पडला तर गोल, खोल जखमा होतात, त्या महिनोनमहिने भरत नाहीत. कारखान्यांच्या डॉक्टरांना ही दुखणी शंभराहून जास्त वर्षं माहीत आहेत. या क्रोमियमला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच ते माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आपल्याकडे गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या हौदावर वाकून काम चालतं आणि हौदाचं पाणी कुठे जातं हे विचारायची रीत नाही.

चाचांना वास येईनासा झाला होता. ईदच्या सकाळी ते सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावायचे आणि लावून झालं की आम्हाला विचारायचे, "कैसा है रे? जादा तो नहीं हुआ?" मला हा प्रश्न कळायला वयाची तिशी उजाडली.

मालक वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याने चाचांच्या मुलीच्या लग्नाला मदत केली होती. पण हौदावर हवा ओढून घेणारा पंखा बसवायला तेव्हा जो खर्च आला असता तो त्याने केला नाही, कारण गिऱ्हाईक दोन पैसे जास्त द्यायला तयार नव्हतं. आणि त्या गिऱ्हाइकांत आमच्यासारखे गाडीवालेही होते. अब्बांनीच १९८९ मध्ये याच गाडीचा पुढचा बंपर तिथून भावाच्या ओळखीवर, अर्ध्या दरात करून आणला होता. मी आज ज्याला जपतोय तो थर बहुधा चाचांच्याच हौदातला आहे.

मी हे सांगितल्यावर भाच्याने बिनतोड वाटणारा सवाल केला. म्हणाला, "मामू, सगळ्यांनी असं ठरवलं तर त्या पोरांनी खायचं काय?" प्रश्न खरा आहे. या धंद्यात कुणाची पोरं आहेत हे तुम्हा आम्हाला सांगायला नको. कल्हईवाले गेले, भांड्याला कल्हई लावणारे ते हात कुठेतरी वळलेच, त्यातले काही या शेडमध्येही आले असतील. निदान कल्हईने खाणाऱ्याच्या पोटाला फायदा होता, आंबट पदार्थ पितळेत कळकत नव्हते. इथे फायदा कुणाचा? बंपर गंजू नये हा फायदा आहे, मी तो नाकारत नाही. गंजून पापुद्रे सुटलेला, धार आलेला बंपर नव्याने करावाच लागतो. तसा तो असेल तर करा. पण जाताना बंपर टेकवून दर विचारण्याआधी हौदाकडे बघा. हवा खेचणारी सोय आहे का, पोरांच्या हातात मोजे आहेत का, पाणी कुठे जातं, त्रिसंयुजी क्रोमचं काम करता का. या प्रकारात धोका बराच कमी असतो, रंगात थोडा फरक पडतो, तो रॅलीतल्या परीक्षकाशिवाय कुणाला कळणार नाही. असं दुकान महाग असेल. तिथेच द्या आणि घासाघीस करू नका. पोरांचं खाणं सुटतं ते असं, आणि बफवर बसणाऱ्या, पोचे काढणाऱ्या, पट्ट्या घोटणाऱ्या हातांना काम द्यायला तर हौदाची गरजही नाही.

राहिली रॅली. जुन्या गाड्यांच्या जगात सुद्धा वारं बदललंय. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या मोठ्या प्रदर्शनात, जिथे एकेकाळी कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकचकीत गाडी जिंकायची, तिथे आता मूळ अवस्थेत टिकवलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अशी अक्षरं. नियम सांगाडा, बॉडी आणि इंजिनाबद्दल बोलतो, बंपरच्या ठिपक्यांबद्दल नाही, तेव्हा मी तो माझ्या बाजूने ओढणार नाही. आमची गाडी मात्र त्या वयाची झाली आहे आणि कागद तयार करतोय.

भाचा अजून पुरता पटलेला नाही. परवा आला तेव्हा त्याने खिशातून स्वतः विकत आणलेलं चुंबक काढलं आणि मागच्या बंपरला लावून बघितलं. मग फॉइलचा बोळा मागितला. मी त्याला डाव्या कोपऱ्याचं काम दिलंय, तिथे गंज जास्त आहे.