बिनतारी बटणाचा सेल लवकर का संपतो?

घरची वीज



माळशिरस तालुक्यातील वेळापूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची वस्ती गावापासून लांब, उसाच्या रानात आहे. मुलाने दिवाळीत घरात व गोठ्यात बिनतारी बटणे बसवून दिली. भिंत फोडावी लागली नाही, वायर ओढावी लागली नाही. सासूबाईंच्या खाटेशीच एक बटण चिकटवले, म्हणजे रात्री उठताना त्यांना चाचपडायला नको. सोय उत्तम झाली. पण बाई लिहितात, "सेल दोन वर्षे चालेल असे सांगितले होते. आमचा दीड महिन्यात संपतो. तीनदा बदलला. आता सेल खोटा म्हणावा की बटण खोटे?"

ताई, बहुतेक वेळा दोन्ही खरेच असतात. बटणाने खरे तर झोपून राहायचे असते. ते झोपत नाही, म्हणून सेल संपतो. ते का झोपत नाही, हे शोधायचे.

आधी हिशेब पाहू. अशा बटणात बहुधा रुपयासारखा चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. त्याच्या कणगीत धान्य किती, तर सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. बटण झोपलेले असताना साधारण ५ मायक्रोअँपिअर खाते असे धरा. मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग. या हिशेबाने कणगी ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे पुरेल. दाबण्याचा खर्च आणि सेलची आपोआप होणारी झीज धरली, तरी दोन वर्षे जायला हरकत नाही.

तुमचा सेल ४५ दिवसांत, म्हणजे १,०८० तासांत संपतो. याचा अर्थ बटण सरासरी २०० मायक्रोअँपिअर खाते, झोपेतल्या खुराकाच्या चाळीस पट! दिवसातून दहा-वीस वेळा दिवा लावल्याने एवढा खर्च होत नाही. कणगीला कुठेतरी भोक आहे. ते पुढील क्रमाने शोधावे.

पहिले, बटण दाबलेले तर राहत नाही ना? खोक्याचे स्क्रू फार आवळले, कडेला पिठाची किंवा चुलीच्या धुराची पुटे बसली, वर कॅलेंडर टेकले, की बटण अर्धवट दाबलेले राहते. रात्री दिवे मालवून दहा मिनिटे बटणाकडे पाहत बसा. कोणी हात न लावता त्यावरचा बारीक दिवा लुकलुकला, तर ते जागे आहे असे समजा.

दुसरे, ऐकणारा जागेवर आहे का? बिनतारी बटणे दोन जातींची असतात. एक साधी, रिमोटसारखी. दाबले की निरोप धाडून मोकळी होतात, उत्तराची वाट पाहत नाहीत. त्यांचा सेल लवकर संपला, तर अडकलेले बटण, ओल किंवा शिळा सेल, एवढेच पाहावे. दुसरी जात मोबाइलशी जोडलेली, झिगबी किंवा ब्लूटूथ यंत्रणेची. तिच्यात बहुधा घरात एक मधली पेटी असते, तिला हब म्हणतात. बटणाने निरोप दिला की पोच येते आणि बटण झोपते.

ही पेटी घरच्या विजेवर चालते, आणि खरी मेख इथेच आहे. वीज गेली की पेटी बंद, बटण मात्र सेलवर जिवंतच. आषाढी वारीत माउलींच्या पालखीच्या वेळापूर मुक्कामी दिंडीतला सोबती चुकला, म्हणजे माणूस कसा हाका मारीत फिरतो, ते तुम्ही पाहिले असेल. तसे हे बटण पेटीला हाका मारते. पोच येत नाही, पुन्हा हाक. काही बटणे तर कोणी न दाबताही थोड्या थोड्या वेळाने शोध घेतात. दिवसाचे आठ-दहा तास हेच चालले, तर सेल टिकणार कसा?

उपाय सोपा आहे. घरात इन्व्हर्टर असेल, तर पेटी त्याच्या लाइनवर घ्या. नसेल, तर वायफायच्या राउटरसाठी मिळते तशी छोटी बॅटरी तिला जोडा. पेटीचा व्होल्ट आणि बॅटरीचा व्होल्ट एकच आहे, हे मात्र पाहून घ्या. वीज नसताना मुलांना बटण दाबत बसू देऊ नका.

याच जातीत आणखी एक गोम आहे. झिगबीचे काही बल्ब व प्लग मधल्या माणसासारखे निरोप पुढे पोचवतात. वडीलधाऱ्यांच्या सवयीने कोणी भिंतीवरचे जुने बटण बंद केले, की तो बल्ब मुका होतो आणि पलीकडच्या गोठ्यातले बटण एकटे पडते. अशा बल्बचे भिंतीवरचे बटण चालूच ठेवावे व त्यावर चिकटपट्टी लावावी.

तिसरे, अंतर आणि आडोसा. माळवदाच्या दीड-दोन हात जाड भिंती, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट यांतून निरोप नीट जात नाही. पत्रा तर त्याला अडवतोच. निरोप पहिल्या हाकेत पोचला नाही की बटण पुन्हा पुन्हा हाका मारते. दिवा लागतो, म्हणून आपल्याला कळत नाही, पण लागायला किंचित उशीर होत असेल, तर ओळखावे. यावर पेटी घर आणि गोठा यांच्या मध्ये, उंचावर ठेवावी. बटण पत्र्यावर किंवा लोखंडी खांबावर चिकटवू नये, लाकडी फळीवर लावावे.

चौथे, ओल. गोठ्यातली दमट हवा, मुताची वाफ आणि धुताना उडणारे पाणी यांनी आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढतो. मग सेल ठीक असूनही बटण अडखळते, किंवा ओलीतून वीज झिरपत राहते. सेल काढून पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, थर चिवट असेल तर खोडरबराने घासावा.

पाचवे, सेल. पाकिटावरची तारीख पाहून घ्यावा. उन्हात तापलेल्या टपरीतला सुटा सेल घेऊ नये. २०३२ च्या जागी २०२५ हा पातळ सेल कागदी चांदी घालून बसवतात, तसे करू नये, त्यात मालही कमी असतो. चार्ज होणारे तसलेच चपटे सेल भरल्यावर ४ व्होल्टच्या वर जातात, त्यांनी बटण बिघडू शकते. सेल कडेला धरून बसवावा. दोन-चार सुटे सेल एका डबीत टाकू नयेत, एकमेकांना चिकटून ते आपोआप उतरतात.

मीटर लावणाऱ्यांसाठी एक सूचना. हा सेल शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि मग एकदम ढासळतो. त्यामुळे आकडा चांगला दिसला म्हणून सेल चांगला असे समजू नये. मोबाइलवर दिसणाऱ्या टक्क्यांचेही तसेच. खरा हिशेब तारखेचा. गाय कधी भरवली ते आपण कॅलेंडरवर लिहितो, तशी सेल घातल्याची तारीख लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि पुढचा सेल किती दिवस गेला ते पाहा.

आता दोन गोष्टी काळजीच्या.

शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते. त्या वेळी अंगणात, गोठ्याच्या दारात किंवा मोटरीपाशी दिवा लागला नाही, तर अंधारात पाय टाकावा लागतो, आणि घोणस सांगून येत नाही. म्हणून या तीन दिव्यांना वायरचे साधे बटणही असू द्यावे. हल्ली दाबण्याच्या जोरावरच वीज तयार करणारी बिनसेलची बटणेही मिळतात. आडबाजूच्या जागी ती बरी. बटणात फक्त सेल असला, तरी दिव्याकडच्या भागात २३० व्होल्ट असतात. तिथे हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. हा चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. जुना सेलही धोकादायकच. मूल एकाएकी लाळ गाळू लागले, गिळेनासे झाले, सेल सापडत नाही, अशी नुसती शंका आली तरी थांबू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, किंवा अकलूज, पंढरपूर अशा जवळच्या गावी, क्ष-किरणाची सोय असेल त्या रुग्णालयात तडक न्या. मागचे झाकण स्क्रूने बसणारेच बटण घ्यावे. उतरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. उकिरड्यात टाकू नये, शेणखताबरोबर तो रानात जातो.

ताई, तुमच्या पत्रावरून आमचा पहिला संशय पेटीवर आहे. नवा सेल आणण्याआधी ती इन्व्हर्टरवर घ्या, तारीख लिहा, आणि दोन महिन्यांनी कळवा.

पुढील अंकी: इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणते घालावे, किती आणि केव्हा.